व्हीएमचे जुने बॅकअप किती ठेवायचे, परत कसे आणायचे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान प्रॉक्समॉक्सवाल्यांसाठी आहे, म्हणजे खाली प्रॉक्समॉक्स व्हीई (एकाच मशिनवर, म्हणजे होस्टवर, अनेक व्हर्च्युअल मशिन, म्हणजे व्हीएम, चालवणारं सॉफ्टवेअर) आणि बाजूला प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर, ज्याला पुढे नुसतं पीबीएस म्हणतो. सीएची फर्म, पतसंस्था, एमआयडीसीतला छोटा कारखाना, शाळा, क्लासेस, असा एक-दोन होस्ट आणि दहा-पंधरा व्हीएमचा पसारा डोळ्यासमोर ठेवलाय. व्हीएमवेअर किंवा हायपर-व्ही असेल तर विचार तोच, बटणं वेगळी. प्रश्न लोक विचारतात तसेच ठेवलेत, फक्त शुद्धलेखन जरा नीट केलंय.

बॅकअप किती दिवसांचे ठेवू? सरळ आकडा सांगा.

सरळ आकडा हवा असेल तर कीप-लास्ट ३, कीप-डेली ७, कीप-वीकली ४, कीप-मंथली १२, म्हणजे शेवटचे ३, मग रोजचे ७, आठवड्याचे ४, महिन्याचे १२. हे लावा आणि कामाला लागा.

पण खरं सांगायचं तर आकडा डिस्कच्या साइजवरून ठरवायचाच नसतो, आणि सगळे तिथूनच सुरू करतात, "आमच्याकडे ४ टीबी आहे, त्यात किती बसतील" वगैरे. आधी हे विचारा की या मशिनवरचं काही उडालं किंवा बिघडलं तर ते आपल्याला कधी कळणार? बिलिंगचा सर्व्हर बंद पडला तर काउंटरवरचा माणूस पाच मिनिटांत फोन करतो, तिथे कालचा बॅकअप पुरतो. पण कुणी टॅलीतलं एखादं जुनं लेजर चुकून उडवलं तर ते कळतं थेट ऑडिटला, आणि ऑडिटर बसतो ऑगस्ट-सप्टेंबरला. एचआरची शीट बिघडली तर इन्क्रिमेंटच्या वेळी. वेबसाइटमध्ये कुणी घुसून फाइल टाकून गेलं असेल तर महिना-दोन महिने पत्ताच लागत नाही. म्हणून प्रत्येक व्हीएमला एकच नियम लावू नका. ज्याची चूक उशिरा कळते त्याचे बॅकअप लांबपर्यंत ठेवायचे, ज्याची लगेच कळते त्याचे थोडे पुरे. प्रिंट सर्व्हरचे १२ महिन्यांचे बॅकअप ठेवून काय लोणचं घालायचंय का?

आणि हे आयटीवाल्याने एकट्याने ठरवू नये, मशिन वापरणाऱ्याला जाऊन विचारायचं. बहुतेक वेळा उत्तर ऐकून आपणच चाट पडतो.

कीप-लास्ट ३, डेली ७, वीकली ४, मंथली १२ म्हणजे एकूण किती बॅकअप राहतात? मला वाटलं १२ महिने आहेत म्हणजे बाकीचे त्यातच आले.

नाही, बेरीज होते. रोज एक बॅकअप धरला तर ३ + ७ + ४ + १२ = २६.

प्रून, म्हणजे या नियमाने जुने बॅकअप काढणारं काम, वरून खाली चालतं. आधी सगळ्यात ताजे ३ बाजूला काढले. मग डेलीची पाळी, तो हे ३ दिवस मोजतच नाही, त्याच्या मागचे ७ दिवस घेतो, म्हणजे एकूण १० दिवस झाले. मग वीकली त्याच्याही मागचे ४ आठवडे घेतो, प्रत्येक आठवड्यातला शेवटचा बॅकअप, आणि आठवडा सोमवार ते रविवार असा धरतो. मग मंथली त्याच्या मागचे १२ महिने. प्रत्येक जण आधीच्याने घेतलेलं सोडून पुढचं जुनं बघतो. प्रॉक्समॉक्सच्या डॉक्युमेंटेशनमध्ये प्रून सिम्युलेटर म्हणून एक पान आहे, त्यात आकडे भरले की कुठल्या तारखेचा राहील आणि कुठला उडेल ते रंगीत दाखवतं. खऱ्या सर्व्हरवर प्रयोग करण्यापेक्षा तिथे दहा मिनिटं खेळा.

आणि काहीच भरलं नाही तर? तर सगळं ठेवतो, डिस्क भरेपर्यंत. एका सकाळी सगळे बॅकअप लाल दिसतात ते बऱ्याचदा यामुळेच.

कीप-लास्ट ७ आणि कीप-डेली ७ एकच ना?

रोज रात्री बरोबर एकच बॅकअप होत असेल तर एकच. पण तसं होत नाही. समजा अपग्रेडच्या दिवशी कुणी धास्तीने "बॅकअप नाऊ" दर थोड्या वेळाने दाबत बसलं आणि संध्याकाळपर्यंत ७ बॅकअप झाले, तर कीप-लास्ट ७ च्या हिशोबाने आठवड्याभराचे सगळे जुने गेले आणि त्या एकाच दिवसाचे ७ उरले, तेही अपग्रेडच्या गोंधळातले. कीप-डेलीत एका दिवसाचा एकच, शेवटचा, राहतो. म्हणून लास्ट छोटा ठेवा आणि खरा भार डेली-वीकलीवर टाका.

अजून एक, डेली ७ म्हणजे कॅलेंडरचे ७ दिवस नाहीत तर *ज्या दिवशी बॅकअप झालाय* असे ७ दिवस. लाइट नव्हती, सर्व्हर बंद होता, तो दिवस मोजत नाही. हे आपल्या फायद्याचंच आहे.

आम्हाला ३१ मार्चचा बॅकअप कायम हवा असतो. कीप-इयरली ५ लावलं तर झालं ना?

नाही झालं! यात भले भले फसतात. कीप-इयरली कॅलेंडर वर्ष बघतो, जानेवारी ते डिसेंबर, आणि त्या वर्षातला शेवटचा बॅकअप ठेवतो. म्हणजे तुम्हाला मिळणार डिसेंबर अखेरचा. आपलं आर्थिक वर्ष त्याच्या गावीही नाही.

बरं मग कीप-मंथलीने मार्च अखेरचा मिळेल असं वाटतं, तर तेही पक्कं नाही. २०२६ चंच घ्या. ३१ मार्च २०२६ ला मंगळवार. तो आठवडा ३० मार्चच्या सोमवारपासून ५ एप्रिलच्या रविवारपर्यंत. दहा दिवसांनी ३१ चा बॅकअप डेलीतून बाहेर पडला की वीकली म्हणतो हा आठवडा एप्रिलच्या बॅकअपने भरलेलाच आहे, मला हा नको. मग मंथलीकडे जातो, तर मार्चसाठी २९ तारखेच्या रविवारचा आधीच वीकलीने ठेवलेला असतो, म्हणजे मार्चही भरलेला. मधल्यामध्ये ३१ तारखेचा उडतो, आणि तुमच्याकडे २९ चा राहतो, शेवटच्या दोन दिवसांतल्या सगळ्या एन्ट्र्या सोडून. आणि मार्चचे शेवटचे दोन दिवस म्हणजे काय असतं ते अकाउंट्सवाल्यांना विचारा.

उपाय सोपा आहे. ३१ मार्चच्या रात्रीचा (किंवा बुक्स क्लोज झाल्या त्या दिवसाचा) बॅकअप यादीत शोधा आणि त्यावर प्रोटेक्टेड लावा, ते ढालीचं चिन्ह. प्रोटेक्टेड बॅकअपला प्रून हात लावत नाही, आकड्यांतही धरत नाही, आणि कुणी हाताने डिलीट करायला गेलं तरी आधी प्रोटेक्शन काढावं लागतं. नोट्समध्ये "आ.व. २५-२६ अखेर, काढू नये" असं लिहून ठेवा, नाहीतर दोन वर्षांनी तुमच्या जागी आलेला मुलगा जागा मोकळी करताना उडवेल.

दिवाळीत ऑफिस पाच-सहा दिवस बंद असतं. बॅकअप बंद ठेवावेत का?

बंद नका ठेवू, पण नियम तेवढा बघा. ज्यांनी फक्त कीप-लास्ट ७ लावलंय त्यांची गंमत अशी होते की धनत्रयोदशीला संध्याकाळी काहीतरी रॅन्समवेअर शिरलं, ऑफिसला कुलूप, बॅकअप मात्र इमाने इतबारे रोज रात्री त्या लॉक झालेल्या फाइलींचेच चाललेत, आणि भाऊबीज करून, वर एक रविवार लावून लोक परत येईपर्यंत शेवटचा चांगला बॅकअप यादीतून बाहेर. वीकली ४ जरी असतं तरी वाचले असते. लांब सुट्टीच्या आदल्या दिवशीचा एक बॅकअप प्रोटेक्ट करून जा, परत आल्यावर सगळं ठीक दिसलं की काढा. गणपतीत कोकणात जाणाऱ्यांनाही हेच.

प्रून झालं, वीसेक जुने बॅकअप गेले, तरी पीबीएसवर जागा तेवढीच दाखवतोय. असं का?

प्रून फक्त यादी काढतं. खरा डेटा छोट्या तुकड्यांत असतो, व्हीएमच्या डिस्कचे ४ एमबीचे चंक, आणि एकच चंक पंधरा बॅकअपांत वापरलेला असू शकतो. कुठला चंक आता कुणालाच नको ते बघून तो काढणं हे गार्बेज कलेक्शनचं (जीसी) काम, त्याचं शेड्यूल वेगळं असतं, ते लावलंय का बघा. आणि जीसी चालवूनही लगेच जागा सुटत नाही कारण २४ तास ५ मिनिटांच्या आत वापरात आलेला चंक तो सोडून देतो, चालू बॅकअपखालचा डेटा ओढला जाऊ नये म्हणून. त्यामुळे आज प्रून केलं, लगेच जीसी केली, काही फरक नाही, उद्या परत केली की जागा सुटते. घाबरून चंकच्या फोल्डरमध्ये शिरून हाताने फाइली उडवू नका. खरंच नका.

डिस्क १०० टक्के भरायची वाट बघू नका, झेडएफएस (डिस्कवरची फाइल सिस्टिम) वर पूर्ण भरली तर जीसीलाच लिहायला जागा उरत नाही आणि मग भलतीच कसरत. ८० टक्क्याला अलर्ट लावा.

मधलाच एक बॅकअप डिलीट केला तर पुढचे तुटतील का? इन्क्रिमेंटल आहेत ना?

नाही तुटत. फक्त बदललेला भाग पाठवला जातो म्हणून इन्क्रिमेंटल वाटतो, पण साठवताना प्रत्येक बॅकअप स्वतःपुरता पूर्ण असतो. जुन्या पद्धतीची साखळी इथे नाही. उलटी भीती मात्र खरी आहे, एखादा चंकच डिस्कवर खराब झाला तर तो चंक वापरणारे सगळे बॅकअप एकदम आजारी पडतात, मग ते २६ असोत की ६०. म्हणून व्हेरिफाय जॉब (ठेवलेला डेटा जसाच्या तसा आहे का ते तपासणारा) हवाच, आणि दुसरी कॉपी दुसऱ्या डिस्कवर हवी.

पीबीएस नसेल, प्रॉक्समॉक्सच्याच व्हीझेडडंप टूलचे साधे बॅकअप एनएएसवर (नेटवर्कवरच्या स्टोरेजवर) घेत असाल तर मात्र प्रत्येक फाइल आख्खी असते. २०० जीबीची व्हीएम गुणिले २६ करून बघा, मग पीबीएस का लावायचा ते कळेल. फुकट आहे, जुन्या पीसीवरही चालतो, फक्त डिस्क चांगली द्या.

सर्व्हर बंद करून व्हीएम डिलीट केली. तिचे बॅकअप आपोआप जातात का?

पीबीएसवरचे जात नाहीत. प्रून प्रत्येक व्हीएमच्या ग्रुपवर वेगळं चालतं आणि वर म्हटलं तसं बॅकअप झालेले दिवस मोजतं, म्हणून नवीन बॅकअप येणं थांबलं की ते २६ तसेच पडून राहतात, कितीही वर्षं. ठेवायचेत तर उत्तम, नकोत तर हाताने काढा.

यातला खरा धोका वेगळाच. १०५ नंबरची जुनी व्हीएम डिलीट केली, चार महिन्यांनी नवीन केली, प्रॉक्समॉक्सने रिकामा नंबर म्हणून १०५ च सुचवला, तुम्ही ओके केलं. आता नव्या मशिनचे बॅकअप जुन्याच्याच ग्रुपमध्ये जातात आणि प्रून दोघांना एक समजून जुने एकेक करून काढत जातं. जुना नंबर परत वापरू नका. नंबर ९९,९९,९९,९९९ पर्यंत जातात, काटकसर कशाला?

स्नॅपशॉट आहेत की, बॅकअप कशाला?

स्नॅपशॉट, म्हणजे मशिनची त्या क्षणाची स्थिती, त्याच डिस्कवर असतो. डिस्क गेली की दोन्ही गेलं. अपडेट मारण्याआधी घ्या, झालं की काढा. आणि बॅकअपमध्ये स्नॅपशॉट येत नाहीत, रिस्टोर केल्यावर "माझे स्नॅपशॉट कुठे" म्हणून शोधू नका.

तीन महिन्यांपूर्वीचा बॅकअप रिस्टोर करायचाय. नेमकं कसं करू? भीती वाटतेय.

भीती वाटतेय हे चांगलं आहे. एकच नियम, जुना बॅकअप चालू मशिनवर कधीही रिस्टोर करायचा नाही. शेजारी उभा करायचा, केबल काढून.

आता हे बटण कुठे दाबता त्यावर ठरतं. व्हीएम उघडून तिच्याच बॅकअप टॅबमधून रिस्टोर दाबलं तर व्हीएम नंबर बदलता येत नाही, ती त्याच मशिनवर लिहिते, आजचा डेटा पुसून. त्याऐवजी डावीकडे नोडखाली पीबीएसचं स्टोरेज उघडा, बॅकअप्स, तिथे तारीख निवडा आणि रिस्टोर. आता व्हीएम आयडीचा रकाना मोकळा असतो. तिथे ९१०५ असा काहीतरी नंबर द्या की बघताक्षणी कळावं हे १०५ चं तात्पुरतं आहे. युनिक वर टिक करा म्हणजे नेटवर्क कार्डाचा मॅक अ‍ॅड्रेस नवा मिळतो. नाव बदला, "टॅली-जुनं-एप्रिल" असं. मेमरी कमी द्यायची तर तिथेच देता येते, होस्टवर दोन्ही एकदम मावायला हवेत ना. "स्टार्ट आफ्टर रिस्टोर" वर टिक करू नका.

रिस्टोर झालं की हार्डवेअरमध्ये जाऊन नेटवर्क डिव्हाइस उघडा, डिस्कनेक्ट वर टिक करा, मग स्टार्ट करून कन्सोलवरून लॉगिन. का? कारण ते मशिन झोपेतून उठल्यासारखं उठतं आणि त्याला वाटतं आज एप्रिलच आहे. मॅक नवीन असला तरी आतला स्टॅटिक आयपी जुनाच, म्हणजे चालू सर्व्हरशी टक्कर. त्याहून वाईट म्हणजे आतले क्रॉन आणि शेड्यूल टास्क, ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं. नेट मिळालं की लगेच "आपला हप्ता थकला आहे" चे एसएमएस पतसंस्थेच्या सभासदांना परत जातात, तेही ज्यांनी भरून टाकलाय त्यांना. सिंक लावलेलं असेल तर जुना डेटा नव्यावर ढकलतं. मग फोन सुरू होतात आणि चेअरमनपर्यंत जातं.

बघून झालं, हवा तो डेटा सापडला, की तेवढाच काढून चालू मशिनवर न्यायचा. आख्खी डिस्कच हवी असेल तर डिस्क अ‍ॅक्शनमध्ये रीअसाइन ओनर आहे, त्याने ९१०५ ची डिस्क १०५ ला दुसरी डिस्क म्हणून जोडता येते.

चालू मशिनवरच रिस्टोर करण्यावाचून गत्यंतर नसेल तर आधी त्याचा आत्ताचा एक बॅकअप घ्या. मशिन सडलेलं असलं तरी घ्या. परवा कुणीतरी त्यातलीच एक फाइल मागतं.

पासवर्ड चालत नाही रिस्टोर केल्यावर.

त्या तारखेचा पासवर्ड टाका. मशिन तीन महिने मागे गेलंय, पासवर्डही मागे गेला. जुने पासवर्ड पासवर्ड मॅनेजरच्या हिस्टरीत असतात. एसएसएलचं सर्टिफिकेटही मागचंच असणार, लेट्स एन्क्रिप्टचं असेल तर ते ९० दिवसांचंच असतं, मग ब्राउझर ओरडणार. त्याला घाबरू नका.

विंडोज सर्व्हर रिस्टोर केला, तर डोमेनची ट्रस्ट रिलेशनशिप गेली म्हणतो.

डोमेनमधलं प्रत्येक मशिन डीफॉल्टने ३० दिवसांनी स्वतःचा एक पासवर्ड डोमेन कंट्रोलरशी (ऑफिसातली सगळी लॉगिन सांभाळणाऱ्या सर्व्हरशी) बदलत असतं. बॅकअप जुना असला की त्याच्याकडे जुना पासवर्ड, कंट्रोलरकडे नवा. लोकल अ‍ॅडमिनने आत शिरा आणि पॉवरशेलमधून सिक्युअर चॅनल रिपेअर करा, किंवा डोमेनमधून काढून परत जोडा. लोकल अ‍ॅडमिनचा पासवर्ड माहीत नसेल तर तो आधी शोधा, मग बाकीचं.

पण रिस्टोर करताय ते मशिन स्वतःच डोमेन कंट्रोलर असेल तर थांबा. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत डिलीट झालेल्या गोष्टींची खूण साधारण १८० दिवस ठेवतात, त्यापेक्षा जुना बॅकअप चालू डोमेनमध्ये आणायचाच नाही. दुसरा कंट्रोलर जिवंत असेल तर रिस्टोरच्या भानगडीत न पडता नवीन मशिन करून त्याला कंट्रोलर बनवणं केव्हाही बरं.

फक्त एक एक्सेल फाइल हवी आहे, त्यासाठी ५०० जीबी रिस्टोर करू?

अजिबात नको. पीबीएसच्या बॅकअपवर फाइल रिस्टोर नावाचं बटण आहे. दाबलं की आत एक पिटुकली व्हीएम उठते, पार्टिशन उघडते, फोल्डर दिसतात, हवं ते झिप करून डाउनलोड. टॅलीचं असेल तर कंपनीचा तो नंबरवाला आख्खा फोल्डर घ्या, एकेक फाइल नको. बिटलॉकर (विंडोज) किंवा लक्सने (लिनक्स) एन्क्रिप्ट करून लॉक केलेली ड्राइव्ह यात उघडत नाही, तिथे वरची शेजारी उभं करण्याचीच पद्धत.

रिस्टोरला किती वेळ लागेल? बॉस दर दहा मिनिटांनी विचारतोय.

१ टीबी, एक गिगाबिटच्या केबलवरून, सगळं नीट असेल तर अडीच तास. जुन्या फिरत्या डिस्कवर पीबीएस असेल तर जास्त, कारण चंक इकडे तिकडे पसरलेले असतात आणि डिस्कची पळापळ होते. बाहेरच्या जागेवरून १०० एमबीपीएस च्या ब्रॉडबँडवर आणायचं म्हटलं तर बावीस तासांच्या वर, तेही पूर्ण स्पीड मिळाला तर. हा हिशोब संकटाआधी करून बॉसला लिहून द्या, त्या दिवशी तोंडी सांगितलेलं कुणाला पटत नाही.

लाइव्ह रिस्टोर म्हणून ऑप्शन आहे, डेटा येत असतानाच मशिन चालू होतं. भारी आहे, पण मध्येच तुटलं तर मशिन चालू झाल्यापासून जे लिहिलं ते सगळं जातं. काउंटर चालू करायची घाई असेल आणि नेटवर्क भरवशाचं असेल तरच.

रिस्टोर झालं, मशिन चालू झालं, पण डेटाची ड्राइव्हच नाही!

मग ती बॅकअपमध्येच नव्हती. व्हीएमच्या प्रत्येक डिस्कवर "बॅकअप" अशी एक टिक असते, कुणीतरी जागा वाचवायला ती काढलेली असते. कंटेनर (होस्टचाच कर्नल वापरणारं, व्हीएमपेक्षा हलकं मशिन) असेल तर गोष्ट उलटी, तिथे मुख्य रूट सोडून जोडलेले बाकीचे माउंट पॉइंट डीफॉल्टने बॅकअपमध्ये *नसतातच*, टिक आपण करायची असते, आणि होस्टवरचा फोल्डर बाइंड माउंट केलेला असेल तर तो टिक करूनही येत नाही. आज, आत्ता, हे पान वाचतानाच जाऊन बघा. बॅकअपच्या लॉगमध्ये कुठली डिस्क घेतली आणि कुठली वगळली ते ओळीने लिहिलेलं असतं, पण हिरवं दिसलं की लॉग कोण उघडतंय.

व्हेरिफाय हिरवं आहे म्हणजे रिस्टोर होणारच ना?

व्हेरिफाय एवढंच सांगतं की जे ठेवलं होतं ते जसंच्या तसं आहे. मुळात ठेवलं तेच अर्धवट असेल तर त्याला काय माहीत. चालू डेटाबेसचा बॅकअप नीट यायला गेस्ट एजंट (व्हीएमच्या आत चालणारा छोटा प्रोग्रॅम) टाका, तो बॅकअपच्या क्षणी फाइल सिस्टिम थोपवून धरतो, विंडोजमध्ये व्हीएसएस ला (चालू फाइलींची नीट कॉपी घेणारी विंडोजची सोय) कळवतो. तरी डेटाबेसचा वेगळा डंप, म्हणजे डेटाची एक्सपोर्ट केलेली फाइल, रोज घ्याच.

गिटलॅब या कोड साठवणाऱ्या वेबसाइटचं प्रकरण माहीत असेल, ३१ जानेवारी २०१७. चुकीच्या सर्व्हरवर डेटाबेसचा फोल्डर उडवला गेला आणि मग कळलं की रोजचा डंप होतच नव्हता, कारण डंप घेणारं टूल पोस्टग्रेस ९.२ चं आणि डेटाबेस ९.६ चा. फेल झाल्याच्या मेल जात होत्या, पण डीएमएआरसी (मेल खरी आहे का तपासणारी व्यवस्था) मुळे त्याही परत फिरत होत्या. शेवटी कुणीतरी योगायोगाने घेतलेला सुमारे सहा तास जुना स्नॅपशॉट कामी आला. एवढ्या मोठ्या टीमचं असं होतं, तर आपली फेल मेल तरी येते का ते मुद्दाम एक बॅकअप फेल करून बघा. आणि तिमाहीला एखादी व्हीएम शेजारी उभी करून टॅली उघडून, एक व्हाउचर बघून बंद करा, ती खरी टेस्ट.

हॅकर बॅकअपच डिलीट करेल त्याचं काय?

करतोच, आधी तेच शोधतो. प्रॉक्समॉक्समध्ये पीबीएस जोडताना रूटचा पासवर्ड देऊन ठेवतात लोक, तो मिळाला की सगळंच मिळालं. त्याऐवजी पीबीएसवर वेगळा टोकन (मर्यादित हक्कांचं वेगळं लॉगिन) करा आणि त्याला फक्त डेटास्टोअर-बॅकअप हा रोल द्या. या रोलने बॅकअप घेता येतो, स्वतःचे रिस्टोर करता येतात, पण जुने काढता येत नाहीत. मग प्रॉक्समॉक्समधल्या जॉबमध्ये रिटेन्शन (किती बॅकअप ठेवायचे तो नियम) ठेवायचं नाही, प्रून जॉब पीबीएसवरच लावायचा. त्यापुढे दुसऱ्या जागी दुसरा पीबीएस, आणि त्याने पहिल्याकडून ओढून घ्यायचं, म्हणजे पहिल्याकडे दुसऱ्याचा पासवर्डच नसतो. तिथलं रिटेन्शन वेगळं आणि लांबचं ठेवता येतं.

दुसरी जागा म्हणजे त्याच खोलीतलं दुसरं कपाट नव्हे हं. १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबूर्गला ओव्हीएच या होस्टिंग कंपनीच्या डेटा सेंटरची एक आख्खी इमारत जळाली, आणि काही गिऱ्हाइकांचे बॅकअपही त्याच आवारात होते.

क्लाउडवर व्हीपीएस (भाड्याचा सर्व्हर) आहे, कंपनी बॅकअप घेते. अजून काय करायचं?

किती दिवसांचे ठेवतात ते वाचा. डिजिटल ओशनचे आठवड्याचे बॅकअप चार आठवडे राहतात, रोजचे सात दिवस. ऑडिटला सप्टेंबरमध्ये एप्रिलचं मागितलं तर नाही मिळणार. शिवाय बिल थकलं, अकाउंट लॉक झालं की बॅकअपही त्याच अकाउंटात. महिन्याला एक डंप आपल्या ताब्यात ओढून ठेवा.

कायद्याने किती ठेवायला लागतात?

कंपनी असेल तर हिशोबाची पुस्तकं ८ आर्थिक वर्षं, आणि ऑगस्ट २०२२ च्या बदलानंतर इलेक्ट्रॉनिक पुस्तकांचा बॅकअप रोज, भारतात असलेल्या सर्व्हरवर. जीएसटीचे रेकॉर्ड वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाने लॉग १८० दिवस. बारकावे सीएला विचारा.

पण ८ वर्षं पुस्तकं ठेवणं म्हणजे ८ वर्षांचे व्हीएम बॅकअप ठेवणं नाही. आठ वर्षांनी ते विंडोज उठेल का, लायसन्स चालेल का, कुणी सांगावं. वर्षअखेरीला कंपनीचा डेटा एक्सपोर्ट करून, पीडीएफसकट वेगळा ठेवा. आणि लोकांची खाजगी माहिती असलेलं मशिन "असू दे" म्हणून वर्षानुवर्षं ठेवू नका, २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात काम संपल्यावर माहिती काढायचीच भाषा आहे.

एन्क्रिप्शन लावलंय, त्याची की (चावी) कुठे असते?

प्रॉक्समॉक्सच्याच होस्टवर. होस्ट जळाला, पीबीएस वाचला, पण चावी हाताशी नाही, तर ते बॅकअप कुणीही उघडू शकत नाही, प्रॉक्समॉक्सवालेही नाही. चावी बनवताना प्रिंट करायचा पर्याय येतो. प्रिंट काढा, पाकिटात घाला, मालकाच्या घरच्या तिजोरीत.

काम झालं. ती ९१०५ वाली तात्पुरती व्हीएम लगेच डिलीट करू का?

आठवडाभर बंद करून ठेवा, "अजून एक फाइल हवी होती" असा फोन येतोच. पण बॅकअप जॉब "ऑल" वर असेल तर ती आज रात्रीच बॅकअपमध्ये शिरेल आणि पीबीएसवर ९१०५ चा नवा ग्रुप तयार होईल, म्हणून जॉबमध्ये तिला वगळा. मशिन डिलीट करताना नंबर दोनदा वाचा, कन्फर्म करायला प्रॉक्समॉक्स नंबर टाइप करायला लावतो, तिथे सवयीने १०५ टाइप करू नका.